गणपतीत काढलेले बूट

तोंडवलीत कुणाकडे मूल जन्मलं की बायका बघायला जात, आणि गेल्या की बाळाच्या तोंडावरून वाद घालत. नाक बापाचं, कपाळ आजीचं, रंग कुणाचा ते मात्र देवालाच ठाऊक! सुगंधा या वादात कधी पडत नसे. ती बाळंतिणीच्या खाटेशी टेकायची, दुपट्याची खालची घडी उलगडायची आणि बाळाचे पाय हातात घ्यायची. अंगठ्याने तळवा दाबायची, घोटा अलगद फिरवून बघायची आणि दुपटं होतं तसं पुन्हा गुंडाळायची. "बरे आसत," एवढंच म्हणायची. कधी कधी तर बाळाचं तोंड न बघताच उठून जायची.

बाया हसायच्या. सुगंधा मालवणच्या बाजारात मासळी विकायला बसायची, त्यामुळे "बांगडे निवडल्यासारखी पोरां तपासता" असं तिच्या तोंडावरही म्हणायच्या. एकदोन सासवांना मात्र हे खपत नसे. जिच्या स्वतःच्या पोरीचा पाय वाकडा, तिने दुसऱ्याच्या कोवळ्या बाळाच्या पायाला हात लावावा कशाला? सुगंधा आली की त्या बाळाला उचलून आत नेत. तिला ते कळत होतं, लागतही होतं. तरीही ती जायची.

तिची पोर हिरा छप्पन साली, दिवाळी आटोपल्यावर जन्मली. सुईणीने नाळ कापली, बाळ पुसलं आणि दिवा जवळ ओढला. बाळाचे दोन्ही पाय आत वळलेले होते, नमस्काराला हात जोडावेत तसे तळवे समोरासमोर आलेले. शेजारणींनी लगेच निदान केलं. ग्रहणात सुगंधाने काहीतरी पिळलं असणार. कपडे पिळले असतील, नाहीतर जाळ्याची दोरी.

सुगंधाची सासू तुळसा हे ऐकून घेणारी नव्हती. तुळसाचा आवाज असा, की किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढणाऱ्यांना ती घरातून हाक मारायची आणि त्यांना ती ऐकू जायची. गावातल्या निम्म्या पोरांना तिने पायांवर घेऊन न्हाऊ घातलं होतं, तेल चोळलं होतं. ती म्हणाली, "ग्रहणात मी सोता हिका खाटेर आडवी घातलेली. कूस सुदा बदलूक दिलंय नाय. माका शिकवतास?" मग तिने बाळाचा एक पाय हातात धरून हलकेच बाहेर वळवला. पाय थोडा आला, आणि सोडल्यावर परत आत गेला. "येता," ती म्हणाली. "वळता हो. कोणीतरी जाणत्यान वळवूक होयो."

तो जाणता मुंबईत निघाला. सुगंधाचा धाकटा दीर लवू गिरणीत होता, तो जत्रेला घरी आला होता. त्याच्या खात्यातल्या एकाच्या पोराला परळकडच्या कुठल्याशा इस्पितळात असेच पाय प्लास्टर घालून सरळ करून दिले होते. "पण बाळ लहान आसा तवसरच," लवू म्हणाला. "मोठा झाल्यार नाय." झालं, तुळसाने त्याच आठवड्यात गाठोडं बांधलं. सुगंधाचा नवरा रविकांत म्हणत होता, बाळंतीण जरा सावरू दे. आई त्याच्यावर अशी खेकसली की तो गुमान खाडीच्या तरीवर, होडीपर्यंत पोचवायला आला. तळाशिलाहून तरीने सर्जेकोट, तिथून चालत मालवण आणि मालवणहून आगबोट. घाटातून यष्टीने जाण्यापेक्षा बाळंतिणीला तेच बरं होतं.

मुंबईत लवूच्या खोलीवर काढलेले ते महिने सुगंधाला पुढे आयुष्यभर आठवत राहिले, कारण तिच्या डोळ्यांदेखत पाय वळत होते. दर आठवड्याला जुनं प्लास्टर कापायचे, डॉक्टर पाय थोडासा बाहेर वळवून धरायचे आणि तिथेच नवं प्लास्टर चढवायचे. हिरा रडायची, मग दूध पिऊन झोपायची. लहानग्या कोळंबीएवढी पावलं आठवड्या-आठवड्याने शहाणी होत होती. "लवकर आणलंत हे फार बरं केलंत," डॉक्टर म्हणाले. "आत्ता पाय मऊ आहेत, सांगू तसं ऐकतात." सुगंधाला इतकं बरं वाटलं, की तिने तिथल्या झाडूवालीलाही वाकून नमस्कार केला.

पाय सरळ झाले तेव्हा डॉक्टरांनी बूट दिले. दोन चिमुकले तपकिरी चामड्याचे बूट, तळाशी लोखंडी पट्टीने एकमेकांना जोडलेले, चवडे बाहेरच्या बाजूला. झोपताना घालायचे. रोज. "पाय सरळ झाले म्हणजे काम संपलं असं समजू नका," डॉक्टर म्हणाले. "हे पाय परत आत जायला बघणार. बूट सोडलेत तर सगळं वाया जाईल. चालायला लागली तरी झोपताना बूट हवेतच." सुगंधाने मान डोलावली. तुळसाला ते तिच्यापेक्षा चांगलं समजलं. परतीच्या बोटीवर ती सुनेला म्हणाली, "काथ्यो ओलो असताना वळलो, की बांधून ठेवचो लागता. सुकाच्या आधी सोडलो तर उलगाडता. तसाच ह्यां."

गावात हसं झालं. पोरीला बेड्या घातल्या म्हणून लोक बघायला येत. तुळसा कुणाला भीक घालत नसे. संध्याकाळी देवाला दिवा लावून झाला की ती हिराला मांडीवर घ्यायची, बूट चढवायची, नाडी ओढून बांधायची, आणि मग हात धुवून यायची, कारण चामडं ते चामडं. सकाळी बूट काढून, पुसून, स्वच्छ फडक्यात गुंडाळून देवाच्या कोनाड्यापासून दूरच्या कोपऱ्यात ठेवायची. सबंध पावसाळा हे असं चाललं, एकदाही चुकलं नाही. सुगंधा बाजारातून येईपर्यंत पोर बूट घालून झोपलेली असायची. आपल्याला अशी सासू मिळाली म्हणून सुगंधा मनातल्या मनात देवाचे आभार मानायची.

आणि चवथ आली.

तुळसाने मुंबईत, पहिलं प्लास्टर घातलं त्या दिवशी नवस केला होता. घरचा गणपती दीड दिवसाचा. पोरीचे पाय सरळ झाले तर तो एकवीस दिवस ठेवीन, असं ती बोलली होती. पाय सरळ झाले होते. गणपतीच्या डोक्यावरची माटवी बांधली, रविकांत डोक्यावरून गणपती घेऊन आला, आणि तुळसाने बुटांचं गाठोडं उचलून बाहेर जाळी ठेवायच्या मांगरात नेऊन खुंटीला टांगलं. घर म्हणजे एक माजघर, चूल आणि पडवी. एकाच छपराखाली देव बसलेला असताना चामडं कुठे ठेवायचं?

"आये, डॉक्टर म्हणालेलो..." सुगंधा एकदा म्हणाली.

"माका याद आसा." तुळसा माटवीला कांगणीच्या रानफळांचा घोस बांधत होती. "गो, ज्या देवान पाय सरळ केले, तो सोता घरात बसलेलो असताना वाकडे करतलो? कायतरी बोलतंस!"

सुगंधा पुढे बोलली नाही. सासूच्या धाकाने बोलली नाही असं पुढे कुणी म्हटलं असतं, तर ते खरं नव्हतं. तिलाही तसंच वाटलं होतं. देव आणि बूट एकमेकांच्या आड येतील, हे तिच्या मनातही आलं नाही. तिने हिराचे उघडे, सरळ, गोंडस पाय गणपतीसमोर टेकवले आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. अख्खं गाव ते पाय बघून गेलं. भजनं झाली, फुगड्या झाल्या. तोंडवलीत इतकी आनंदाची चवथ त्या घराने कधी बघितली नव्हती.

विसर्जन करून आल्यावर तुळसाने मांगरातून बूट आणले, पुसले, हिराला मांडीवर घेतलं. डावा पाय जेमतेम गेला. उजव्याची टाच खाली बसेना. दिसायला पाय तसाच होता, किंचित आत कललेला, झोपेत असतो तेवढाच. तुळसाने जोर लावला तशी पोर किंचाळली. तिने पुन्हा लावला. मग सुगंधाने तिचा हात धरला. "सुजलो असात," तुळसा म्हणाली. "पाय वाडलो असात. तेलान येतलो."

तेलाने येईल, या एका शब्दावर महिने गेले. रापणीचा मोसम भरात आला, रविकांतला किनारा सोडवेना. तुळसा सकाळ-संध्याकाळ पाय चोळत राहिली आणि पाय रोज थोडा थोडा आत जात राहिला. पावसाळ्यात बंद असलेल्या बोटी सुरू होऊन किती दिवस झाले तरी त्यांचं निघणं होईना. हिरा खांबाला धरून उभी राहिली, तेव्हा तिच्या उजव्या पावलाची बाहेरची कड जमिनीला टेकली होती आणि तळवा भिंतीकडे होता. त्या दिवशी तुळसाने तेलाची वाटी बाजूला सारली. दुसऱ्या दिवशी त्या निघाल्या.

डॉक्टर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी विचारलं, "बूट बंद कधी झाले?" तुळसाने सांगितलं, "गणपती होतो घरात." डॉक्टर मराठी माणूस. त्यांनी तुळसाकडे बघितलं, पायाकडे बघितलं, आणि प्लास्टरची पट्टी भिजवायला घेतली. पुन्हा सगळं पहिल्यापासून केलं. डावा पाय आला. उजवा थोडा आला आणि तिथे अडून बसला. "मोठी झाली की ऑपरेशन करून बघू," ते म्हणाले, "पण पूर्ण सरळ होईल असं मी सांगत नाही."

गावाने याचा अर्थ आपल्या सोयीने लावला. देवाने पाय सरळ केले होते, मग डॉक्टरांच्या हातून बिघडले. सुगंधा सांगायची, तसं नाही हो, गणपतीत बूट काढले म्हणून झालं. त्यावर लोक तिच्याकडे नवलाने बघत. "मगे काय गणपतीत चामडा घालतलंस?" कुणी तिला दोष दिला असता, सासूला दिला असता, तर ती निदान भांडली असती. इथे कुणाचं काही चुकलंच नव्हतं आणि पोर लंगडत होती. राग कुणावर काढायचा हे तिला कधीच कळलं नाही. तुळसाने मात्र त्यानंतर गावातल्या एकाही बाळाला तेल लावलं नाही. बोलावणं आलं की हात दुखतात म्हणायची. तिचा किनाऱ्यापर्यंत पोचणारा आवाज हळूहळू उंबऱ्याबाहेरही जाईनासा झाला.

हिरा सात वर्षांची झाली तेव्हा वरच्या घरातल्या गंगूला मुलगा झाला. सुगंधा बघायला गेली, दुपटं उलगडलं, आणि तिचे हात तसेच राहिले. तेच पाय. तोच नमस्कार.

"वैनी, बरे आसत मां?" गंगूने विचारलं. सुगंधाने मान हलवली आणि सगळं सांगितलं. बोट, प्लास्टर, लवूची खोली, सगळं. उंबऱ्यात गंगूचा नवरा बाबू उभा होता. त्याने ऐकून घेतलं आणि तो म्हणाला, "वैनी, रागवा नको. पण तुमच्या हिराचा काय झाला?"

सुगंधाने दारातून हिराला हाक मारली. हिरा लंगडत आली. "डावो पाय पुढे कर," सुगंधा म्हणाली. पोरीने फ्रॉक गुडघ्यापर्यंत धरला आणि डावा पाय उंबऱ्यावर ठेवला. चांगला, सरळ, इतरांसारखा पाय. "बघ, बाबू. होसुदा असोच वाकडो होतो. हो थंयच सरळ झालो. दुसऱ्याकडे बघू नको, ह्येच्याकडे बघ." हिराने दुसरा पाय मागे लपवला. पण गंगू मुंबईला गेली.

मे महिन्यातल्या शेवटच्या बोटीने ती परत आली. पोराचे पाय सरळ आणि गाठोड्यात बूट. त्या पावसाळ्यात सुगंधा मासळी विकून आली, की आधी टोपली वरच्या घराच्या अंगणात टेकायची आणि बूट चढलेत की नाही बघूनच घरी यायची. गंगू कधी कंटाळली नाही. पोरगी गुणाची होती. श्रावणात एकदा मात्र ती खाली मान घालून म्हणाली, "वैनी, थोरल्या काकांनी नवस केलो. पोराचे पाय सरळ झाले म्हणान औंदा गणपती एकवीस दिवस ठेवतले. तुळसाआजयेन केलेलो ना, तसोच. तो पावलेलो, म्हणतत."

एकवीस रात्री बिनबुटांच्या, सुगंधाने मनात मोजल्या.

वरच्या घरात सगळ्या भावांचा मिळून एक गणपती, आणि शब्द थोरल्या भावाचा. बाबू त्यातला धाकटा, गंगू त्याच्याही खालची. तिच्या शब्दाला तिथे काय किंमत! "मांगरात झोपवतंय पोराक, तर थंय पाणी गळता. माज्या हातात काय आसा, वैनी?" ती रडायला लागली. "तुमच्याकडे पाठयलंय आसता, पण तुमच्याकडेय गणपती आसतलो."

सुगंधा घरी येऊन चुलीपुढे हे बोलली ते सासूला ऐकवायला नव्हे, जीव जड झाला म्हणून. तुळसा कोपऱ्यात बसून ऐकत होती. सकाळी रविकांत उठून बाहेर निघाला तेव्हा तिने त्याला अडवलं.

"गणपतीच्या शाळेत मूर्तीसाठी आपलो पाट दिलेलो आसा मां? तो घेऊन ये."

"मूर्ती खंय तयार झाली आजून, आये?"

"मूर्ती नको. पाटच घेऊन ये. औंदा आपल्या घरात गणपती नाय."

रविकांत खुळ्यासारखा बघत राहिला. कोकणातल्या घरात चवथीला गणपती नाही म्हणजे घरात कुणीतरी गेलेलं असतं. "लोक इचारतले, सुतक कोणाचा?"

"सांग, हिराच्या पायाचा," तुळसा म्हणाली. "गंगूचा पोर हंय ऱ्हवतला. बूट घालून ऱ्हवतला. मी बघतलंय."

रविकांतने दोन दिवस आदळआपट केली, देवाचा कोप होईल म्हणाला, शेवटी जाऊन रिकामा पाट काखेत मारून घेऊन आला. वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाने विचारलं, कोण गेलं. सुगंधाने गंगूला सांगितलं तेव्हा गंगूने तिचे हात घट्ट धरले. चवथीच्या आदल्या दिवशी पोराला आणते, काही झालं तरी आणते, म्हणाली.

आदल्या दिवशी तुळसाने माजघर सारवलं. दरवर्षी जिथे गणपती बसायचा तिथे कोरडी जागा बघून सुगंधाने वाकळ घातली, वर धुतलेलं लुगडं अंथरलं. संध्याकाळ झाली, गंगू आली नाही. चवथीच्या सकाळी घराघरांतून शंख वाजले. गावातली सगळी घरं मोदकांच्या वासाने भरली आणि या घरात चुलीवर पेज शिजत होती. भजनवाले घराशी आले, बिनगणपतीचं दार बघून न थांबता पुढे गेले. हिरा दारात उभी राहून त्यांच्या पाठीकडे बघत राहिली. तुळसा पडवीत बसून होती. वरच्या घराच्या वाटेवरून तिची नजर हलत नव्हती.

दुपार कलल्यावर त्या वाटेवरून बाबू उतरला. नवं धोतर, कपाळाला गंध. त्याच्या हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. तुळसा उठून उभी राहिली.

"आजये, ह्ये जरा तुमच्याकडे ऱ्हवांदेत," बाबू म्हणाला आणि ते गाठोडं तिच्या हातात दिलं. "थोरलो घरात ठेवूक देयना आणि मांगरात पाणी गळता. चामडा भिजान आकाडला तर मगे पायात जावचा नाय. तुमच्याकडे औंदा गणपती नाय मां, म्हणान घेऊन इलंय."

"आणि पोर?" सुगंधाने विचारलं.

"तो देवाकडे आसा. पयली चवथ त्येची. थोरलो म्हणालो, ज्या देवान पाय दिले त्येच्या म्होरल्यान पोर भायर काढूचा नाय." बाबू वाईट माणूस नव्हता. त्याने मान खाली घातली, जरा वेळ घुटमळला. "गंगू रडता," एवढं म्हणाला आणि आरतीची वेळ झाली होती म्हणून घाईघाईने निघून गेला.

सुगंधाला त्याच्यामागे धावत जावंसं वाटलं. धावून ती काय सांगणार होती? जे सांगायचं ते सगळं तिने सांगून झालं होतं.

तुळसा खाली बसली. तिने फडकं सोडलं. तपकिरी चामडं, लोखंडी पट्टी, चवडे बाहेरच्या बाजूला. हिरा जवळ येऊन वाकून बघायला लागली.

"आजये, माजे असेच होते?"

"असेच," तुळसा म्हणाली.

वरच्या घरात आरती सुरू झाली. हिरा सवयीने दाराकडे तोंड करून उभी राहिली, उजव्या पावलाच्या कडेवर भार देऊन, आणि तिने हात जोडले. तुळसाने बूट मांडीवर घेतले होते. पाय आत घालायला जागा व्हावी म्हणून ती एकेका बुटाची नाडी सैल करत होती. सुगंधाने माजघरातली वाकळ गुंडाळायला घेतली, आणि मग तशीच राहू दिली.